अर्धी फुली

सोमवार, २ तारीख

आलो आम्ही एकदाच्या. हुश्श. आई पलंगावर, पलंग खिडकीशी, ट्रंक पलंगाखाली, आणि मी चक्क खुर्चीत बसून लिहितेय. लोकांचे पडदे आखूड आणि बाह्या लांब करण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, तेही दुकानाच्या मागच्या अंगाला, दिव्याखाली. भरदुपारी खिडकीशी बसायला मिळणं म्हणजे काय चैन असते ते आज कळलं.

काम दुकानाच्या मालकांनीच सुचवलं. इथल्या बाईंना क्रॉस स्टिचचं एक भलंमोठं चित्र भरायचंय. टाके त्या स्वतःच घालणार, पण आधीची तयारी आता त्यांच्याच्यानं होत नाही. कापड धुणं, कडा बांधणं, मध्य काढणं, चौकटी आखणं, धागे लावणं, हे सगळं माझ्याकडे. राहायला तळमजल्यावर दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायला दार. आई बरोबर आली तरी चालेल म्हणाल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला जिन्यावरून वरखाली करण्यात माझी कंबर कामातून गेली होती. तळमजला हा शब्द ऐकला आणि पुढचं काही न विचारता मी हो म्हणून टाकलं.

बाई उंच, केस पांढरेशुभ्र, बोलणं हळू. पायात लोकरीच्या चपला, त्यामुळे कधी आल्या नि कधी गेल्या पत्ता लागत नाही. अट एकच घातली, घरात शांतता हवी. आवाजाचा त्यांना फार त्रास होतो. दाराला घंटा नाही, भिंतीवर घड्याळ नाही. हे ऐकून आईने माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. आई शाळेत शिकवायची. तिचा आवाज पलीकडच्या इमारतीत ऐकू जायचा आणि तिथली मुलंसुद्धा गप्प बसायची.

दादाचे वाटेतच किती फोन. माझा हा थोरला भाऊ लांब राहतो. आईला न्यायला त्याला जमत नाही, पण सल्ले द्यायला कधीही सवड असते. उशी कुठल्या बाजूला ठेव तेही तिथून सांगतो.

बुधवार, ४ तारीख

आज कापड धुतलं. मॅटीचं आहे, जाळीदार विणीचं, पलंगावरच्या मोठ्या चादरीएवढं. गार पाण्यात नुसतं बुडवून काढायचं, पिळायचं नाही, सपाट पसरून वाळवायचं. मग उलट्या बाजूने इस्त्री. ओलं कापड इतकं जड झालं की बादलीतून उचलताना गुडघ्यात कळ आली आणि तिथेच खाली बसले. तेवढ्यात आईची हाक. मग उठले.

कडा दोऱ्याने बांधून घेतल्या म्हणजे सुतं निघायला नकोत. आता आडवी घडी, उभी घडी, आणि जिथे दोन्ही घड्या एकमेकींना भेटतात तो मध्य. पहिला टाका तिथे पडायचा. मध्य एका घराने जरी चुकला तरी शेवटी चित्र कापडाबाहेर जातं. ग्राफवरच्या, म्हणजे नमुन्याच्या कागदावरच्या, चौकोनाला आम्ही घर म्हणतो. एका घरात एक फुली, असं ते सगळं काम.

आईला ग्राफ नेऊन दाखवला. तिने चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली की जन्मभर पोरांच्या पेपरांवर मी एवढ्याच फुल्या मारल्या, त्या काही कुणी चौकटीत लावून भिंतीवर टांगल्या नाहीत. खूप दिवसांनी हसलो दोघी. मग हलक्या आवाजात हसलो.

शनिवार, ७ तारीख

कंटाळले. धावदोऱ्याने चौकटी आखतेय. दर दहा घरांनी एक रेघ, आडवी आणि उभी, म्हणजे बाईंना टाके घालताना मोजायला सोपं. दिसायला पोरखेळ आहे. पण मोजत मोजत निम्म्यावर आले की आई हाक मारते. पाणी. उशी. खिडकी उघड, खिडकी लाव. कधी नुसतं विचारते, आहेस ना गं. आहे म्हणून येते तोवर आकडा डोक्यातून उडालेला. पुन्हा पहिल्यापासून. काल आखलेलं सगळं आज उसवलं कारण एक रेघ नवव्या घरावर पडली होती.

तिची चूक नाही. पडून पडून तिला तरी दुसरं काय आहे. पण माझ्याही जिवाला उसंत नको का. मोरीतला नळ दिवसभर टिपटिपतो, गुडघा ठणकतो, दादा रोज फोन करून विचारतो की तुझं मुळात काम तरी काय असतं. डोकं नुसतं भणभणतं.

चित्रही तसलंच. मोकळं मैदान, गवत, मागे डोंगराची एक रेघ, वर आभाळ. झाड नाही, माणूस नाही. धाग्यांच्या लडी सोडवून पुठ्ठ्यांवर गुंडाळल्या तर हिरव्याच्याच इतक्या छटा निघाल्या की खिडकीशी नेऊन एकमेकींना लावून बघाव्या लागल्या. शेवटी सगळ्याच सारख्या दिसायला लागल्या.

सोमवार, ९ तारीख

बाईंनी आज माझा उसवलेला दोरा पाहिला. रागावल्या नाहीत. कपाटातून मॅटीचा एक हातरुमालाएवढा तुकडा काढून दिला. त्याला त्या कच्चा तुकडा म्हणतात. मोठ्या कामाला बसण्याआधी हात आणि मन दोन्ही ठिकाणावर यावं म्हणून. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे.

म्हणाल्या, "ज्याचा त्रास होतो त्याचं नाव घ्यायचं आणि एक फुली घालायची. डोक्यातलं कमी झालं की घरं चुकत नाहीत."

मला गंमत वाटली. श्रीमंत बायकांना काय एकेक सुचतं. पण सुई ओवली. मोरीतला नळ म्हटलं आणि एक फुली घातली. गुडघेदुखी म्हटलं, दुसरी घातली. छान नेटक्या पडल्या. दादाचा फोन म्हणणार होते, पण तेवढ्यात त्याचाच फोन आला.

बुधवार, ११ तारीख

टिपटिप बंद आहे. बहुतेक बाईंनी नळवाला बोलावला असावा. पाणी स्वयंपाकघरातून आणते, तेवढी एक खेप वाढली.

गुडघा दुखत नाही. खरंच नाही. वाकतही नाही फारसा, पाय जरा ओढत चालावं लागतं, पण दुखत नाही म्हटल्यावर तक्रार कशाला करू. कितीतरी दिवसांनी दुपारी पाठ टेकली आणि डोळा लागला. चौकटींची एक अख्खी बाजू न चुकता झाली. बाईंनी बोट फिरवून पाहिली आणि मान डोलावली. कुणी चांगलं म्हटलं की अजून बरं वाटतं, या वयातही.

शुक्रवार, १३ तारीख

दादा आज फोनवर म्हणाला, तू घरीच तर असतेस. मी घरीच तर असते. फोन ठेवला, कच्चा तुकडा काढला, सुई ओवली आणि म्हटलं, दादा. फोन म्हणायचं राहूनच गेलं. फुली घातली आणि जेवायला वाढलं.

सोमवार, १६ तारीख

तीन दिवस फोन नाही. पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आज मीच लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आईला म्हटलं, दादाने नंबर बदलला की काय. आईने चष्म्यावरून बघितलं, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघायची तसं.

"कोण दादा? मला तू एकटीच गं."

चेष्टा करतेय वाटलं. तिला म्हटलं, आई, पुरे. ती गोंधळली. माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. आईला थोरल्याचं भारी कौतुक होतं, माझ्याहून जास्त होतं. तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही म्हणजे काही नव्हतं.



मंगळवार, १७ तारीख

मोरीत गेले. नळ बंद केलेला नाहीये. नळच नाहीये. भिंत सपाट, गिलावा जुनाच, नळ काढल्याची खूणसुद्धा नाही.

कच्चा तुकडा घेतला आणि दादाची फुली उसवली. दोरा सहज निघाला. कापडाला चार भोकं राहिली. फोन लावला, तेच. आईला विचारलं, तेच. मग धावत, म्हणजे पाय ओढत, बाईंकडे गेले. बाई शांतच.

"उसवलं की दोरा निघतो, ताई. फुली निघत नाही."

मी म्हटलं, माझा भाऊ होता तो. तर म्हणाल्या, त्रास होत होता ना तुम्हाला. त्रास खोटा असेल तर हे होत नाही. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही आणि आनंद झालेलाही दिसला नाही. बरं नसेल तर थोडं पडा म्हणाल्या.

परत येऊन खिडकीतून पाहिलं. समोरच्या घरांच्या छपरांवरून डोंगराची रेघ दिसते. चित्रातली आहे तीच रेघ. चित्रात फक्त घरं नाहीत. एका घरात एक फुली. आणि तयारी मी करतेय, माझ्या हातांनी.

आईला इथून हलवायचं. पडून असलेल्या माणसाला न्यायची गाडी शनिवारी मोकळी आहे. गाडीवाल्याशी बोलले. येतो म्हणाला.

बुधवार, १८ तारीख

कच्चा तुकडा ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी टाकला. सुईला हात लावायची इच्छा नाही. पण काम थांबलं की बाई दारात येऊन उभ्या राहतात, म्हणून चौकटी आखतेय. धावदोरा. सरळ दोरा. सरळ दोऱ्याने काही होत नाही, आत्तापर्यंत काही झालं नाही. तोंड मात्र बंद ठेवते. हातात सुई असताना कशाचंच नाव घ्यायचं नाही.

आई विचारते, गप्प का. काय सांगू तिला. तिचा आवाज वर चढला की मीच दचकते. बाईंना ऐकू गेलं असेल का हे बघते. डोळ्याला डोळा लागत नाही. अंगात त्राण नाही. फक्त शनिवार येऊ दे.

गुरुवार, १९ तारीख

लिहिते. सगळं लिहून ठेवते.

दुपारी मध्याजवळची रेघ आखत होते. डोळे मिटत होते. आई हाका मारत होती. पाणी दिलं. उशी दिली. चादर सरळ केली. येऊन बसले, पुन्हा हाक. जाऊन आले. काही नव्हतं, आहेस ना गं एवढंच विचारायचं होतं. बसले, सुई टोचली, पुन्हा हाक. आणि माझ्या तोंडून गेलं, पुरे गं आई, जीव नकोसा केलास.

हाक अर्ध्यात थांबली.

खाली पाहिलं तर दोरा सरळ नव्हता. पेंगुळलेल्या हाताने एका घरावर तिरका टाका घातला होता. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. फुलीचा पहिला पाय.

आई डोळे उघडे ठेवून पडलीय. ओठ हलताहेत. आवाज येत नाही. माझ्याकडे बघून हसली. तिला वाटतंय घसा बसलाय.

मी तसं म्हटलं नव्हतं. दमले होते. दमलं की माणूस बोलतं —

शुक्रवार, २० तारीख. सकाळ

उशीला खळगा पडत नाही. तिचं डोकं उशीवर आहे आणि उशी फुगलेली तशीच. तिला कुशीवर वळवलं, मला जोर लावावा लागला नाही. एरवी माझा जीव निघतो. हाताला एवढीशी, पांघरुणाएवढी लागली. चहा ओठांना लावला. घोट गेला की नाही कळलं नाही.

गाडीवाल्याला फोन केला, आज ये म्हटलं. आज जमत नाही म्हणाला.

टाका उसवणार नाही. उसवलं की काय होतं ते मला माहीत आहे.

बाईंकडे गेले. पाय धरायचीही तयारी होती, पण गुडघा वाकत नाही. त्या आल्या, कापड उजेडाकडे धरून पाहिलं. म्हणाल्या, "अर्धी फुली टिकत नाही, ताई. संध्याकाळपर्यंत ती आपोआप पुरी होते."

मग जाता जाता म्हणाल्या की दुसरा पाय ज्याच्या नावाने पडेल त्याची ती फुली. आईहून जास्त कशाचा त्रास असेल तर बघा.

दुपार

बाईंचं नाव घेतलं. सुई टोचली आणि दोरा तुटला. नवा ओवला, तुटला. भीती वाटते त्यांची, त्रास नाही होत. धाग्याला फरक कळतो.

कामाचं नाव घेतलं. तुटला. पायाचं, या घराचं, उन्हाचं. तुटला. आठवून आठवून बघतेय मला कशाने थकवलं. पाणी, उशी, चादर, भांडं, जिना. सगळं तिचंच आहे. काहीही म्हटलं तरी फुली तिच्यावरच जाईल.

आईजवळ बसले. तिने माझा तळहात ओढून बोटाने काहीतरी लिहिलं. बोट लागतच नव्हतं. पुन्हा लिही म्हटलं. तिने पुन्हा लिहिलं, पहिलीतल्या पोराला गिरवून देतात तसं, सावकाश. जेव. एवढंच. तू जेव.

मला नाही सहन होत. तिच्यावर चिडणारी ती बाई मला सहन होत नाही. चहा देताना सुस्कारा टाकणारी. हाक आली की आधी डोळे मिटून घेणारी. मला माझाच कंटाळा आलाय.

हे खरं आहे. हे म्हणून पाहिलं आणि सुई हातात होती आणि दोरा तुटला नाही.

दुपार, थोड्या वेळाने

पाण्याचा तांब्या पलंगाशी ठेवला, वाटीने झाकून. ब्रेड, केळी, तिच्या उजव्या हाताला. औषधं. दुकानाच्या मालकांचा पत्ता कागदावर लिहून चादरीला टाचला, गाडीवाल्याला वाचता येईल असा. उद्या सकाळी तो येईल. मालक भला माणूस आहे, तिला दवाखान्यात नेईल. एक रात्र तर काढायची आहे. एकच.

मला विसरेल. दादाला विसरली तशी. विसरू दे. तिला वाईट वाटणार नाही हे बरंच झालं.

सुई खालून वर काढलीय. आता समोरच्या कोपऱ्यात —

दोरा जातोय. डाव्या हाताने ओढतेय, उजव्याने लिहितेय. आईचा आवाज. आई खोकली. आईने हाक मारली, अगं. अगं ए. केवढा मोठा आवाज, शाळेतला. आला. आला परत —

दारात गेले. आई, म्हटलं. ती दाराकडे बघतेय. माझ्याकडे नाही, दाराकडे. कुणी आहे का हो, विचारतेय. कुणी पाणी देता का —

बोटांतून पेन्सिल निसटते. परत धरली.

बाई आल्यात. माझ्या अंगावरून गेल्या. माझ्या खुर्चीत बसल्या. आई हाका मारतेय. पुन्हा. पुन्हा. बाईंनी कपाळ दाबलं. कोण आहे हे, म्हणाल्या, काय हा आवाज, किती त्रास —

बाईंनी सुई ओवली.

बाई, उद्या ती जाणार आहे, उद्या सकाळी गाडी — ऐका ना — आई, गप्प बस, आई, थोडा वेळ, एकदाच गप्प — बाई, मध्याजवळ नका, शेजारच्या घरात तुमचा पहिला पाय पडलाय, दुसरा नका घालू, ती माझी